पाहुणा घरी परतल्यावरही आपला ग्राहक राहावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पणजीत नुकत्याच झालेल्या ऑनलाइन विपणन परिषदेची बातमी आपल्या दैनिकात वाचली. उद्घाटन कोणाच्या हस्ते झाले, व्यासपीठावर कोण होते, हे त्यात आले आहे. सभागृहात बसलेल्या लहान उद्योजकांनी तिथून काय घेतले, हे मात्र राहून गेले. मी त्या परिषदेला शेवटपर्यंत होते आणि तिथे ऐकलेले काही आमच्या धंद्यात लावूनही पाहिले आहे. गोव्यात घरगुती उद्योग करणाऱ्या, विशेषतः आमच्यासारख्या गावात राहून माल करणाऱ्या लोकांना त्याचा उपयोग होईल असे वाटते, म्हणून हे सविस्तर पत्र.

सावईवेरे इथे आमचे कुळागर आहे. माड, पोफळी, मिरवेली, जायफळ आणि बांधांवर भिरंडीची, म्हणजे कोकमाची झाडे. उन्हाळ्यात भिरंडां पिकू लागली की पाऊस यायच्या आत सगळे उरकावे लागते. फळे फोडायची, बिया काढायच्या, साली मीठ घातलेल्या रसात पुन्हा पुन्हा बुडवून वाळवायच्या, आगळ, म्हणजे कोकमाचा खारा रस, गाळून भरायचे. शेजारच्या घरांतल्या बायका या कामाला येतात आणि त्यांच्या घरात त्या पैशांचा आधार असतो. सोलां (त्या वाळवलेल्या साली), आगळ, तिरफळां, मिरी, फणसाची साठां (पोळ्या) हा आमचा माल. सासूबाईंच्या काळात तो फोंड्याच्या बाजारात आणि जत्रांत विकला जाई. आता त्यात मसाल्याच्या बागा पाहायला येणारे पर्यटक आणि मोबाईलवरून मागवणारे यांची भर पडली आहे.

परिषदेला आलेले बहुतेक जण जाहिरात कशी करावी हे शिकायला आले होते. पहिल्याच सत्रात पुण्याहून आलेल्या वक्त्या बाईंनी तो विषय बाजूला ठेवला आणि विचारले, "गेल्या वर्षी ज्यांनी तुमचा माल घेतला, त्यांतल्या किती जणांना तुम्ही आज संध्याकाळी निरोप पाठवू शकता?" माझ्या मते सबंध परिषदेचे मोल या एका प्रश्नात होते. आणि तो गोव्याला जितका लागतो तितका दुसऱ्या कुठल्या राज्याला लागत असेल असे मला वाटत नाही.

आपली लोकसंख्या २०११च्या जनगणनेनुसार १४ लाख ५८ हजार. पर्यटन खात्याच्या आकड्यांप्रमाणे २०२४ साली गोव्यात आलेले पर्यटक एक कोटीहून अधिक. म्हणजे दर वर्षी आपल्या लोकसंख्येच्या कितीतरी पट माणसे आपल्या दारात येतात, सोलकढी पितात, काजू चाखतात, आवडले म्हणून पिशवी भरून नेतात. इतर राज्यांतले उद्योजक ग्राहकाने एकदा आपला माल चाखावा म्हणून जाहिरातीवर पैसे ओततात. आपल्याकडे तो स्वखर्चाने येऊन चाखून जातो. मग नाशिकला किंवा इंदूरला त्याच्या घरची बाटली संपते, त्याला पुन्हा हवी असते, आणि कोणाकडून मागवायची ते त्याला कळत नाही. पुढच्या खेपेला तो गोव्यात कधी येईल याचा नेम नसतो. तोवर तो जवळच्या दुकानातले कुठलेही कोकम घेतो. आपण मिळवलेला ग्राहक असा हातातून जातो आणि त्याच्या जागी नवा आणायला आपण पुन्हा खर्च करतो.

यावर पहिला उपाय आमच्या वेष्टनावरच होता. बंद पाकिटातल्या मालावर तक्रारीसाठी संपर्क कोणाशी करायचा, त्याचे नाव, पत्ता, दूरध्वनी आणि ईमेल छापणे २०११च्या वजनमाप नियमांनी बंधनकारक केले आहे. ते आपण सगळेच छापतो, पण मागच्या बाजूला, एफएसएसएआय या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या चौदा अंकी क्रमांकाखाली, भिंग घेतल्याशिवाय दिसणार नाही अशा अक्षरांत. परिषदेहून आल्यावर आम्ही नवे लेबल केले. पुढच्या बाजूला ठळक अक्षरांत "संपले की इथे कळवा", खाली व्हॉट्सॲपचा नंबर आणि थेट संभाषण उघडणारा क्यूआर कोड. छपाईच्या खर्चात काही फरक पडला नाही. बाटली रिकामी होते तेव्हा ती ग्राहकाच्या हातात असते आणि मागवण्याची इच्छा त्याच क्षणी होते, त्यामुळे नंबर बाटलीवरच हवा. बिलावरचा नंबर गोव्यातून निघतानाच कचऱ्यात गेलेला असतो.

नंबर मिळाले की लगेच सगळ्यांना एका व्हॉट्सॲप ग्रुपात कोंबण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे. ती सोडावी अशी माझी सगळ्यांना कळकळीची विनंती आहे. ग्रुपात प्रत्येकाचा नंबर परक्या माणसांना दिसतो. बायकांना याचा फार त्रास होतो. २०२३ साली आपल्या देशात डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला आहे आणि माणसाची माहिती त्याच्या संमतीने, सांगितलेल्या कामासाठीच वापरावी हे त्याचे मूळ सूत्र आहे. कायदा नसता तरी आपण हेच करायला हवे होते. ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये निरोप प्रत्येकाला वेगळा जातो, पण तो पोहोचतो फक्त ज्याने आपला नंबर स्वतःच्या मोबाईलमध्ये साठवला आहे त्याला. ही अट मला उलट चांगली वाटते. माल देताना आम्ही आता विचारतो, "नवी सोलां झाली की कळवू का? मग आमचा नंबर साठवून ठेवा." ज्याला नको असते तो हसून नाही म्हणतो. ज्याने साठवला त्याला आम्ही मोजकेच निरोप पाठवतो, नवा माल तयार झाल्यावर, गणेश चवथीच्या आधी आणि दिवाळीच्या सुमारास. रोज सुप्रभातचे चित्र पाठवणाऱ्या दुकानाचा नंबर लोक बंद करून टाकतात.

याच्याच जोडीने त्या बाईंनी दुसरी गोष्ट सांगितली, ती तरुण उद्योजकांनी मनावर घ्यावी. २९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने टिकटॉकसह ५९ ॲप्सवर बंदी घातली. निर्णय देशाच्या सुरक्षेच्या कारणाने झाला, त्याबद्दल माझे काही म्हणणे नाही. पण ज्यांनी तिथे हजारो अनुयायी जमवले होते आणि दुसरीकडे कुठेच ग्राहकांची यादी ठेवली नव्हती, त्यांचे दुकान त्या दिवशी बंद झाले. आपल्याकडे भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, जमिनीत घर बांधून राहणाऱ्या मुंडकाराला १९७५च्या कायद्याने संरक्षण दिले. इन्स्टाग्रामवर धंदा उभा करणारा माणूस हा तसे कवच नसलेला मुंडकार आहे. भाटकाराने नियम बदलले, खाते गोठवले, पोस्ट कोणाला दाखवायची ते ठरवले, तरी त्याला दाद मागणे सोपे नाही. म्हणून इन्स्टाग्राम वापरावे, आम्हीही वापरतो, पण तिथे आलेल्या माणसाचे नाव, गाव, नंबर आणि त्याने काय घेतले हे आपल्या वहीत उतरवून घ्यावे. आमची यादी माझी मुलगी संगणकावर ठेवते आणि एक प्रत कागदाच्या वहीतही असते.

आता जे परिषदेत कोणी बोलले नाही आणि बोलायला हवे होते ते लिहिते. सगळ्या वक्त्यांच्या डोळ्यांसमोर गोव्याचा पर्यटक म्हणजे कळंगुट-बागाच्या किनाऱ्यावर डिसेंबरात येणारा माणूस होता. आमच्या फोंडा तालुक्यात वेगळाच पाहुणा येतो. मंगेशी, म्हार्दोळची म्हाळसा, कवळ्याची शांतादुर्गा, रामनाथी, नागेशी या देवस्थानांचे कुळावी मुंबई, पुणे, बेळगाव, कारवार, मंगळूरपर्यंत पसरलेले आहेत. ते कुलदेवतेला वर्षा-दोन वर्षांनी येतातच. लग्न झाले की येतात, मूल झाले की येतात, नवस फेडायला येतात. त्यांच्या आज्या-पणज्या याच मातीतल्या, त्यामुळे माशांच्या हुमणात तिरफळ का घालतात हे त्यांना शिकवावे लागत नाही. यांच्यापर्यंत पोहोचायला जाहिरात लागत नाही, पण आजवर किती उद्योजकांनी या कुटुंबांशी नाते ठेवले आहे? मुंबईतल्या एका घराने सोलां मागवली आणि पार्सल आवडले, तर त्या घरातून बहिणीकडे, जावेकडे, पुण्याच्या भाचीकडे आमचा नंबर जातो. आमच्या यादीतल्या परगावच्या नावांत अशी नात्यातून आलेली नावे सर्वांत जास्त आहेत, आणि पुन्हा मागवण्यातही तीच पुढे आहेत.

जाहिरातीच्या सत्रात मला सर्वांत उपयोगी वाटला तो साधा हिशेब. जाहिरातीवर झालेला खर्च भागिले तिच्यातून आलेले नवे ग्राहक. समजा, एक ग्राहक आणायला दीडशे रुपये गेले आणि त्याच्या पहिल्या पाकिटावर साठच सुटले, तर नव्वद रुपये अंगावर आले. तो माणूस पुन्हा मागवणार असेल तरच हे नव्वद रुपये वसूल होतात. ज्याच्याकडे जुन्या ग्राहकांशी बोलण्याची सोय नाही, त्याने जाहिरात करणे म्हणजे प्रत्येक ऑर्डरीमागे तोटा विकत घेणे आहे. पोस्टला किती लाइक आले, किती लोकांनी पाहिले, हे आकडे या हिशेबात कुठेच बसत नाहीत. जाहिरात करून देणाऱ्या संस्था महिन्याच्या अहवालात तेच आकडे पुढे करतात, तेव्हा त्यांना नव्या ऑर्डरींचा आकडा मागावा.

या हिशेबात कुरिअर धरला की आमच्या मालाचे चित्रच बदलते. अर्ध्या लिटरची आगळाची काचेची बाटली, तिच्याभोवती बुडबुड्यांचा प्लॅस्टिक कागद, वर जाड खोका, असे पार्सल किलोच्या वर जाते. कुरिअरचे दर वजनाच्या टप्प्यांनी चढतात आणि खोका मोठा असेल तर आकारमानाचेही वजन लावतात. शिवाय झाकण सैल असले तर लाल आगळ सगळ्या पार्सलभर होते आणि ग्राहक तो फोटो पाठवतो. सोलां, तिरफळां आणि फणसाची साठां मात्र हलकी, टिकाऊ, न फुटणारी. म्हणून आगळ आम्ही बागेत आणि फोंड्याच्या परिसरात विकतो, परगावी सोलां पाठवतो, आणि त्यांच्यापासून घरी आगळासारखा रस कसा काढायचा ते सोबतच्या चिठ्ठीत लिहून देतो. बेबिंक, खाजें, काजू, मिरची, लोणची करणाऱ्या प्रत्येकाने आपला माल असा वजनकाट्यावर आणि प्रवासात पारखून मगच परगावच्या जाहिरातीला हात घालावा. परिषदेत दाखवलेली यशाची उदाहरणे बहुतेक कपडे, सौंदर्यप्रसाधने आणि शिकवणी-वर्गांची होती. त्यांना पावसाळ्यातली ओल आणि बुरशी सांभाळावी लागत नाही.

आणि कर. या विषयावर एकही सत्र नव्हते, याचे मला मनापासून वाईट वाटले. वस्तू व सेवा कर कायद्यात मालाच्या विक्रीसाठी ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणीतून जी मोकळीक आहे, ती राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याला. करपात्र माल परराज्यात विकला की काही हस्तकलेच्या वस्तू सोडल्यास उलाढाल कितीही लहान असली तरी नोंदणी घ्यावी लागते. १ ऑक्टोबर २०२३ पासून लहान विक्रेत्यांना नोंदणीशिवाय ई-कॉमर्स संकेतस्थळांवरून विकण्याची सवलत मिळाली, तीही राज्याच्या हद्दीतच. पुण्याचा लोणची करणारा नागपूरपर्यंत विकतो तरी तो स्वतःच्या राज्यातच असतो. आमच्याकडे पत्रादेवी ओलांडून बांद्याला किंवा डिचोलीहून दोडामार्गला पाकीट गेले की ती परराज्यातली विक्री झाली. देश सगळ्यांना एकच नियम लावतो, पण लहान राज्यातल्या लहान उद्योजकावर त्याचा भार सर्वांत आधी पडतो. आम्ही नोंदणी केली आहे आणि विवरणपत्रे वेळेवर भरतो. ज्या बायका वर्षाला थोडीशी लोणची आणि पापड करतात त्यांना हे एकट्याने झेपणारे नाही. त्यांनी एकत्र येऊन स्वयंसाहाय्य गट किंवा सहकारी संस्थेच्या नावाने एकच नोंदणी घ्यावी आणि एकाच नावाने विकावे, असा मार्ग कोणीतरी जाणकाराने त्यांना नीट बसवून सांगायला हवा.

परीक्षणांबद्दल थोडेसे. सभागृहाबाहेरच्या एका टेबलावर ठरावीक रकमेत अनुयायी आणि पाच ताऱ्यांची परीक्षणे मिळवून देण्याची योजना सांगितली जात होती. तरुण मुले माहितीपत्रके घेत होती. ऑनलाइन परीक्षणे खरी असावीत यासाठी भारतीय मानक ब्युरोने २०२२ साली आयएस १९००० हे मानक काढले आहे, हे त्यांना सांगणारे तिथे कोणी नव्हते. विकत घेतलेली स्तुती ग्राहक ओळखतो आणि मग खऱ्या परीक्षणांवरचाही त्याचा विश्वास उडतो. हा पैसा वाचवावा आणि गुगलच्या नकाशावरची आपली फुकटची नोंद नीट करावी. आपल्याकडे दुपारी एक ते चार दुकाने बंद असतात, हे बाहेरच्या माणसाला ठाऊक नसते. भर उन्हात दोन वाजता बंद दाराशी आलेला पाहुणा रागावून एक तारा देऊन जातो. बंदची वेळ आणि चवथीची सुट्टी नकाशावर टाकणे हे पाच मिनिटांचे काम आहे.

मोबाईलवर दाखवायचे काय, यावर परिषदेत खूप चर्चा झाली. चांगला प्रकाश, चांगला कॅमेरा वगैरे. आमचा अनुभव असा की ग्राहक फोनवर जे विचारतो त्याचेच उत्तर चित्रफितीत द्यावे. आम्हाला सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न म्हणजे, सोलांवर हे पांढरे काय आलेय, बुरशी आहे का? ते मीठ असते. सासूबाईंनी अंगणात बसून, हातात सोल धरून, मीठ कुठले आणि बुरशी कुठली हे दाखवले, बुरशी असेल तर फेकून द्या म्हणून सांगितले. मोबाईल माझ्या मुलीने धरला होता. त्यानंतर तो प्रश्न येणे पुष्कळ कमी झाले आणि ती चित्रफीत पाहून मागवणारे लोक आले. सत्तरी पार केलेल्या बाईच्या हातावर लोकांचा विश्वास बसतो. अशा बायका पेडण्यापासून काणकोणपर्यंत घरोघरी आहेत आणि त्यांच्याकडे सांगण्यासारखे खूप आहे.

शेवटी आयोजकांना आणि सरकारच्या संबंधित खात्यांना एक मागणी. परिषद संपूर्ण इंग्रजीत झाली. मागच्या रांगांत बसलेल्या स्वयंसाहाय्य गटांच्या बायका जेवणाच्या सुट्टीत मला विचारत होत्या, सकाळी त्या बाई काय म्हणाल्या? मी जमेल तसे सांगितले. त्यांच्यातल्या एकीने मग जो प्रश्न केला तो व्यासपीठावरून यायला हवा होता: "खोला गावच्या मिरचीला भौगोलिक मानांकन आहे ना, मग बाजारात कोणीही कुठलीही मिरची त्या नावाने कशी विकतो?" मानांकन, म्हणजे ते नाव त्या भागातल्या मालापुरते राखणारी नोंद, मिळाले तरी ते नाव वापरण्यासाठी उत्पादकाला अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद करावी लागते. ही नोंद कशी करायची, ती वेष्टनावर कशी दाखवायची, हे खोल्याच्या आणि हरमलच्या मिरचीवाल्यांना त्यांच्या गावात जाऊन, मराठीत आणि कोंकणीत शिकवले तर तोच त्यांच्यासाठी विपणनाचा पहिला धडा ठरेल.

वाळपई, सांगे, काणकोण, पेडणे अशा ठिकाणी तालुकावार एकेका दिवसाचे वर्ग घ्यावेत. प्रत्येक वर्गात एक कर सल्लागार, एक टपाल खात्याचा माणूस आणि आधीपासून परगावी माल पाठवणारी एक स्थानिक उद्योजिका असावी. बायकांनी आपले पाकीट सोबत आणावे, तिथेच ते वजन करावे, लेबल तपासावे, दर काढावा. एप्रिल-मे महिन्यांत वर्ग ठेवू नयेत, तेव्हा आमचे हात भिरंडांत आणि काजूत असतात. पाऊस लागल्यावर जून-जुलैत ठेवावेत, म्हणजे चवथीच्या मागणीला शिकलेले वापरता येईल. सावईवेऱ्यात असा वर्ग घ्यायचा असेल तर आमच्या घरचा मोठा सोपा मी मोकळा करून देईन.

आपली विश्वासू,
कुळागरातील एक उद्योजिका
सावईवेरे, फोंडा